"बोर्ड गेला आहे" म्हणजे नेमके काय? घरगुती उपकरणांतील सर्किट बोर्ड : तपासणी आणि दुरुस्ती

वॉशिंग मशीन बंद पडते, तंत्रज्ञ येतो, पाच मिनिटे पाहतो आणि "बोर्ड गेला आहे" असे सांगतो. बोर्डची किंमत आणि मजुरी मिळून आकडा इतका फुगतो की आपण "त्यापेक्षा नवीनच घेऊ" म्हणून मोकळे होतो. अमेरिकेतल्या बहुतेक मराठी घरांना हा अनुभव कधी ना कधी आलेला असतो. भारतात असतो तर हाच बोर्ड पिशवीत घालून ओळखीच्या कारागिराकडे नेला असता. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथे सुटे भाग सहज मिळतात, म्हणून तो कारागीर एखादा कपॅसिटर किंवा रिले बदलून मशीन चालू करून देतो. इथे माणसाच्या तासाला मोल जास्त, म्हणून सुटा भाग शोधत बसण्यापेक्षा अख्खा बोर्डच बदलायची पद्धत पडली आहे.

खरे पाहता बोर्ड "जातो" तेव्हा बहुधा त्यावरचे एक-दोन भाग गेलेले असतात आणि त्यांची किंमत दोन-चार डॉलरच्या घरात असते. कधी कधी तर बोर्ड धडधाकट असतो आणि दोष दुसरीकडेच असतो. या लेखात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. दोष बोर्डातच आहे का? असल्यास कोणत्या भागात? आणि तो आपण स्वतः दुरुस्त करावा का? तिसरा प्रश्न सर्वात महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या दोन उत्तरांत चूक झाली तर पैसे वाया जातात, तिसऱ्यात चूक झाली तर जिवावर बेतते. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

कशाला हात लावू नये

१. मायक्रोवेव्ह ओव्हन. याच्या आतला उच्च दाबाचा कपॅसिटर दोन हजार व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाबाने भारलेला असतो. प्लग काढल्यानंतरही तो भार काही काळ टिकू शकतो. घरच्या घरी दुरुस्ती करताना माणसे दगावण्याच्या बाबतीत हे उपकरण कुप्रसिद्ध आहे. मायक्रोवेव्हचे झाकण उघडूच नका.

२. गॅसवर चालणारी उपकरणे, म्हणजे फर्नेस, वॉटर हीटर, गॅसची शेगडी. यातील बोर्ड गॅसचा व्हॉल्व्ह आणि ठिणगी यांवर लक्ष ठेवतो. त्यावर घरगुती डाख दिला आणि तो कधी हुकला, तर गॅसगळती, आग किंवा कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. इथे नवीन बोर्ड आणि परवानाधारक तंत्रज्ञ हाच मार्ग.

३. इन्व्हर्टर पद्धतीचे एअर कंडिशनर आणि मोठे फ्रीज. यांच्या बोर्डवर तीनशे व्होल्टच्या पुढचा डीसी दाब असू शकतो. अनुभव नसेल तर दूर राहा.

४. वॉरंटीत असलेले उपकरण. आधी कंपनीला फोन करा.

५. भाड्याच्या अपार्टमेंटमधले उपकरण. ते घरमालकाचे आहे. लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत जपून ठेवा. आपण उघडले आणि पुढे काही बिघडले, तर डिपॉझिटवर गदा येते.

उरले काय? वॉशिंग मशीन, विजेवरचा ड्रायर, डिशवॉशर, साधा फ्रीज, राइस कुकर, ब्रेड मशीन. पुढचे सर्व विवेचन यांच्यासाठी आहे.

बोर्ड काय काम करतो

बोर्डचे तीन विभाग मनात ठेवले की तपासणी सोपी जाते.

पहिला विभाग विजेच्या प्रवेशाचा. प्लगमधून आलेली वीज आधी फ्यूजमधून जाते. शेजारी निळ्या किंवा पिवळ्या चकतीसारखा व्हॅरिस्टर असतो. दाब अचानक वाढला की तो स्वतः वीज पिऊन घेतो, फ्यूज उडतो आणि मागचे भाग वाचतात.

दुसरा विभाग वीज बदलण्याचा. अमेरिकेतील १२० व्होल्ट एसीचे डीसी केले की सुमारे १७० व्होल्ट होतात. ब्रिटन, आखाती देश आणि भारत इथल्या २३० व्होल्टचे सुमारे ३२५ होतात. त्यातून छोटी स्विचिंग चिप आणि कपॅसिटर मिळून १२ आणि ५ व्होल्टचा पुरवठा तयार करतात.

तिसरा विभाग हुकूम देणारा. ५ व्होल्टवर मायक्रोकंट्रोलर चालतो, १२ व्होल्टवर रिले. रिले किंवा ट्रायॅक मोटर, हीटर, पंप आणि पाण्याचे व्हॉल्व्ह चालू-बंद करतात.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. अनेक घरगुती उपकरणांत हा ५ आणि १२ व्होल्टचा पुरवठा मुख्य विजेपासून वेगळा केलेला नसतो. म्हणजे "पाचच व्होल्ट आहेत" म्हणून चालू बोर्डला बोट लावले, तर जमिनीच्या तुलनेत तिथे पूर्ण मुख्य विजेचा झटका बसू शकतो. चालू बोर्डवर मोजमाप करणे हे शिकाऊ माणसाचे काम नाही. या लेखातील सर्व मोजणी प्लग काढून करायची आहे.

दोष बोर्डातच आहे का?

बोर्डकडे बोट दाखवण्याआधी पुढील गोष्टी पाहून घ्या. यांना काही खर्च नाही.

- प्लग पॉईंटला दुसरे उपकरण लावून पाहा. ब्रेकर पडला आहे का? ओलसर जागेतील जीएफसीआय पॉईंटचे बटण बाहेर आले आहे का?
- प्लग काढून पाच-दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा लावा. कधी कधी मायक्रोकंट्रोलर अडकलेला असतो, तो यातून सुटतो.
- पडद्यावर एरर कोड आहे का? अमेरिकेतील बऱ्याच मशीनच्या आत, वरच्या किंवा खालच्या पत्र्याच्या मागे, घडी घातलेला "टेक शीट" नावाचा कागद असतो. त्यात कोडचे अर्थ, तारांचा नकाशा आणि कोणत्या भागाचा रोध किती असावा हे लिहिलेले असते. हा कागद वाचून झाल्यावर परत तिथेच ठेवा, पुढच्या माणसाला लागेल.
- झाकणाचा लॉक, पंपाची जाळी, पाण्याचा व्हॉल्व्ह, ड्रायरचा थर्मल फ्यूज हे बोर्डपेक्षा जास्त वेळा बिघडतात.

लक्षणांवरून अंदाज असा बांधता येतो :

अजिबात जीव नाही, एकही दिवा लागत नाही : वीजपुरवठा, वायर, बोर्डवरचा फ्यूज किंवा दुसरा विभाग.

दिवे लुकलुकतात, मशीन मध्येच पहिल्यापासून सुरू होते, रिले नुसता टिकटिकतो : दमलेला कपॅसिटर.

बाकी सर्व ठीक, पण एकच काम होत नाही, उदा. पाणी तापत नाही : आधी हीटर तपासा, मग त्याचा रिले किंवा ट्रायॅक.

एखादी गोष्ट बंदच होत नाही, उदा. हीटर चालूच राहतो : रिलेचे संपर्क चिकटले आहेत किंवा ट्रायॅक शॉर्ट झाला आहे. हा आगीचा धोका आहे. ताबडतोब ब्रेकर पाडा आणि दुरुस्ती होईपर्यंत उपकरण वापरू नका.

बोर्ड बाहेर काढणे

नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. डिशवॉशरसारखे उपकरण थेट वायरिंगला जोडलेले असेल, तर ब्रेकर पाडून मीटरने वीज नसल्याची खात्री करा. अमेरिकेतील विजेवरच्या ड्रायरला २४० व्होल्ट येतात, म्हणजे दोन तारा जिवंत असतात. वॉशिंग मशीनचे नळही बंद करा.

काही मिनिटे थांबा. बोर्डवरच्या सर्वात मोठ्या कपॅसिटरच्या दोन टोकांवर डीसी व्होल्ट मोजा. दहा व्होल्टच्या खाली आल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी उडवण्याची जुनी सवय सोडून द्या.

कनेक्टर काढण्यापूर्वी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो घ्या. प्रत्येक कनेक्टरवर चिकटपट्टी लावून क्रमांक लिहा. बोर्ड कडेला धरा. हिवाळ्यात कोरड्या घरात अंगावर स्थिर वीज साठते, ती चिपला मारक असते. मनगटाला लावायचा अँटीस्टॅटिक पट्टा वापरलेला बरा.

डोळे, नाक आणि मीटर

निम्मे दोष नुसते नीट पाहिल्यावर सापडतात. चांगला उजेड आणि भिंग घ्या.

कपॅसिटरचे डोके सपाट असायला हवे. फुगलेले असेल, तळाशी तपकिरी चिकट द्रव दिसत असेल तर तो गेला. मात्र सपाट डोके म्हणजे चांगला कपॅसिटर असेही नाही. आतला द्रव सुकला तरी बाहेरून काही दिसत नाही. साधारण १९९९ ते २००७ या काळात सदोष द्रवामुळे असे कपॅसिटर जगभर मोठ्या संख्येने फुटले. त्या काळातील जुने यंत्र घरात असेल तर पहिला संशय यांच्यावर घ्या.

बोर्ड उलटा करून रिले, कनेक्टर आणि जड भागांच्या पायांभोवती पाहा. डाखाला बारीक गोल भेग पडलेली दिसली तर दोष सापडला. तापणे-थंड होणे आणि मशीनची थरथर यांनी ही भेग पडते. "मशीनला थापटी मारली की चालू होते" या तक्रारीमागे बहुधा हीच भेग असते.

जळका वास, काळा डाग, फुटलेली चिप, मुंग्या किंवा झुरळांची घाण, ओल हेही पाहा.

मग मीटर. कॅट थ्री दर्जाचा डिजिटल मल्टिमीटर घ्या. कंटिन्युइटीवर फ्यूज तपासा. फ्यूजची तार नुसती तुटली असेल तर एखाद्या झटक्याने तो गेला असू शकतो. काच आतून काळी झाली असेल तर मागे शॉर्ट आहे, तो शोधल्याशिवाय नवा फ्यूज लावून उपयोग नाही. चांगल्या व्हॅरिस्टरमधून मीटरला रस्ता सापडत नाही. रोध अगदी कमी दाखवला तर तो शॉर्ट झाला आहे. डायोड एकाच दिशेने वाहायला हवा. रिलेचा संपर्क वीज नसताना "बीप" देत असेल, तर तो सदर रिलेच्या रचनेप्रमाणे तसाच असतो की चिकटला आहे हे त्याच्या क्रमांकावरून ताडून पाहा.

सुटे भाग बदलताना

फ्यूज : तेवढ्याच अँपिअरचा, तेवढ्याच व्होल्टचा आणि त्याच प्रकारचा. आपल्याकडे फ्यूजवर तार गुंडाळून वेळ निभावून नेण्याची पद्धत होती. इथल्या लाकडी घरांत तो विचारसुद्धा नको.

कपॅसिटर : मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त, तापमान १०५ अंशाचे, कमी ईएसआरचा. अंगावर पट्टा असलेली बाजू ऋण. उलटा बसवला तर फुटतो. आजूबाजूचे तापमान दहा अंशांनी कमी झाले की कपॅसिटरचे आयुष्य साधारण दुप्पट होते, म्हणून स्वयंपाकघरातील ओव्हनशेजारच्या यंत्राला मागे हवा खेळती ठेवा.

रिले : वेटोळ्याचा दाब तोच, बहुधा १२ व्होल्ट, आणि संपर्काची क्षमता मूळ अँपिअरपेक्षा कमी नको. पायांची मांडणी जुळते का पाहा. सर्व माहिती रिलेच्या डोक्यावर छापलेली असते.

डाख : १ जुलै २००६ पासून युरोपात इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशावर निर्बंध आले आणि पुढे जगभरचे बहुतेक बोर्ड बिनशिशाच्या सोल्डरने बनू लागले. हे सोल्डर सुमारे २१७ ते २२० अंश सेल्सियसला वितळते, तर कथील-शिशाचे ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना. म्हणून जुना डाख सुटत नसेल तर त्यावर थोडे फ्लक्स आणि नवे सोल्डर लावा, म्हणजे तो लवकर पातळ होतो. तापमान बदलता येणारी इस्त्री सुमारे ३५० अंशांवर ठेवा आणि एका जागी तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, नाहीतर तांब्याची पट्टी उचलली जाते. जुने सोल्डर काढायला तांब्याची जाळी किंवा हातपंप वापरा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसून घ्या.

शिशाचे सोल्डर वापरणार असाल तर स्वयंपाकघराचा ओटा आणि जेवणाचे टेबल वर्ज्य. गॅरेजमध्ये, खिडकी उघडी ठेवून, मुलांना दूर ठेवून काम करा. नंतर साबणाने हात धुवा, मगच कणकेला हात लावा.

दोन प्रकारच्या बोर्डांचा नाद सोडावा. एक, ओलीपासून बचावासाठी ज्यावर जाड रबरासारखा थर ओतलेला असतो, तो. वॉशिंग मशीनमध्ये असे बोर्ड सर्रास असतात आणि थर खरवडताना इतर भाग तुटतात. दुसरा, ज्यावरचा मुख्य मायक्रोकंट्रोलर गेला आहे, तो. बाजारात कोरी चिप मिळाली तरी तिच्यातली कंपनीची आज्ञावली मिळत नाही. बोर्डचा पत्रा जळून कोळसा झाला असेल तरीही तो टाकून द्यावा, कारण कोळशातून वीज वाहते.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना

भारतातील रेडिओ-टीव्ही कारागीर एक साधी युक्ती वापरत आले आहेत : मुख्य विजेच्या वाटेत मालिकेत एक जुना तारेचा बल्ब. चालू करताच बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर बोर्डात अजून शॉर्ट आहे. बल्बमुळे प्रवाह मर्यादित राहतो आणि नवे भाग जळत नाहीत. एलईडी दिवा या कामाला चालत नाही. ज्यांना वायरिंगची सवय आहे त्यांनीच हे करावे, आणि मोटर-हीटर न जोडता, नुसत्या बोर्डसाठी. बाकीच्यांनी सर्व झाकणे लावून, अर्थिंगची तार जागेवर असल्याची खात्री करून, मगच प्लग लावावा. पहिल्या दोन-तीन फेऱ्या घरात माणूस असतानाच चालवा. रात्री चालू करून झोपू नका.

भारतात नेलेली आणि भारतातून आणलेली उपकरणे

आपल्या मंडळींच्या घरी बोर्ड जळण्याचे हे खास कारण आहे. इथला राइस कुकर किंवा ब्रेड मशीन आई-वडिलांसाठी पुण्याला नेली आणि अडॅप्टर लावून २३० व्होल्टला जोडली, की एका क्षणात खेळ आटोपतो. अडॅप्टर फक्त प्लगचा आकार बदलतो, दाब नाही. १२० व्होल्टसाठीचा व्हॅरिस्टर वीज पिऊ लागतो आणि फ्यूज उडतो. तेवढ्यावर निभावले तर हे दोन भाग बदलून बोर्ड पुन्हा उभा राहू शकतो. पण १२० व्होल्टच्या बोर्डवर मुख्य कपॅसिटर बऱ्याचदा २०० व्होल्टचा असतो, त्याला ३२५ व्होल्ट मिळाले की तोही फुटतो आणि स्विचिंग चिपला सोबत नेतो.

उपकरणाच्या पाटीवर "१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ" असेल तर कुठेही चालते. "१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ" असेल तर उपकरणाच्या वॅटपेक्षा मोठ्या क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतो. ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, पण ६० हर्ट्झचे ५० होतात ते तसेच राहतात. विजेच्या आवर्तनांवर चालणारे घड्याळ त्यामुळे तासाला दहा मिनिटे मागे पडते. तापवणारी उपकरणे नेण्यापेक्षा तिथेच विकत घेऊन देणे शहाणपणाचे.

नवा बोर्ड घ्यायचा ठरला तर

उपकरणाचा मॉडेल क्रमांक आणि बोर्डवरचा भाग क्रमांक, त्यापुढील आवृत्तीच्या अक्षरासह, दोन्ही लिहून घ्या. विजेचे सुटे भाग अनेक दुकाने परत घेत नाहीत, म्हणून नुसत्या अंदाजाने बोर्ड मागवू नका. काही बोर्ड बसवल्यावर मॉडेलप्रमाणे जुळवून घ्यावे लागतात, तेही आधी विचारा. जुना बोर्ड टपालाने पाठवून दुरुस्त करून घेण्याची सोयही काही व्यावसायिक देतात. साधारण अडाखा असा : यंत्राचे निम्म्याहून अधिक आयुष्य झाले असेल आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यापुढे जात असेल, तर नवे घ्या.

कायदाही हळूहळू ग्राहकाच्या बाजूने येत आहे. अमेरिकेतील १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार केवळ दुसऱ्याचा सुटा भाग वापरला किंवा बाहेर दुरुस्ती केली म्हणून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. आपल्या हातून झालेले नुकसान मात्र वॉरंटीत येत नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यात घरगुती उपकरणेही आहेत. १ जुलै २०२१ नंतरच्या उत्पादनांसाठी कंपनीने सुटे भाग, अवजारे आणि माहितीपत्रके उपलब्ध करून द्यायची आहेत. घाऊक किंमत ५० ते ९९.९९ डॉलर असेल तर उत्पादन थांबल्यापासून तीन वर्षे, १०० डॉलर किंवा अधिक असेल तर सात वर्षे. ब्रिटनमध्ये १ जुलै २०२१ पासून वॉशिंग मशीन, डिशवॉशर आणि फ्रीज यांच्यासाठी असे नियम आहेत, पण तिथे सर्किट बोर्डसारखे भाग व्यावसायिक दुरुस्तीकारांनाच देण्याचे बंधन आहे.

एकट्याने हे धाडस करायचे नसेल तर "रिपेअर कॅफे" पाहा. २००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम इथे सुरू झालेला हा उपक्रम अनेक देशांत पसरला आहे. जाणकार स्वयंसेवक तुमच्यासमोर, तुमच्या मदतीने वस्तू दुरुस्त करतात. अमेरिकेत अनेक ठिकाणी सार्वजनिक वाचनालयांत असे दिवस ठेवतात. आपल्या मंडळांत इलेक्ट्रॉनिक्सच्या अभियंत्यांची वाण नाही. गणपतीच्या मांडवातली रोषणाई उभी करणारे हात वर्षातून एखाद्या शनिवारी इस्त्री आणि मीटर घेऊन बसले, तर कितीतरी राइस कुकर कचऱ्यातून वाचतील, आणि पुढच्या पिढीला वस्तू उघडून पाहण्याची सवय लागेल.

दुरुस्त न होणारा बोर्ड साध्या कचऱ्यात टाकू नका. आपल्या काउंटीच्या ई-कचरा केंद्रात द्या. आणि देण्यापूर्वी त्यावरचे चांगले रिले आणि कनेक्टर काढून एका डबीत ठेवा. अशी डबी आपल्या प्रत्येक आजोबांच्या घरी होती.